पावसाळ्यात आमचा सॉफ्टनर बिघडला तेव्हा

जून संपत आला होता, पाऊस चांगला लागलेला, आणि मुलगी न्हाऊन बाहेर आली ती केसांना हात लावत, म्हणते आई शॅम्पू दोनदा लावला तरी केस चिकटच वाटतायत. मी आधी लक्ष दिलं नाही. मग दोन-तीन दिवसांनी सिंकच्या नळाच्या तोंडाशी पांढरा थर दिसला, स्टीलच्या ताटल्या पुसून ठेवल्या नाहीत तर त्यांच्यावर थेंबांचे गोल गोल पांढरे डाग, आणि गिझर चालू केला की आतून कडकड कडकड असा आवाज, म्हणजे जसं काही आत कोणी खडे भरलेत. तीन वर्षांपूर्वी हे सगळं असंच होतं म्हणून तर आम्ही सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी हलकं करणारं मशीन, बसवला होता.

आम्ही राहतो गोव्यात, मांद्र्याला. पिण्याला आणि स्वयंपाकाला नळाचं पाणी, ते चांदेलच्या प्लांटवरून येतं, पण ते ठरल्या वेळेला येणार आणि तेवढंच येणार, त्यामुळे आंघोळ, कपडे, भांडी, संडास सगळं बोअरवर. आणि बोअरचं पाणी इथलं जड. माझं माहेर सत्तरीतलं, तिथं विहिरीचं पाणी जांभ्यातून झिरपून आलेलं, इतकं हलकं की साबण लावला की अंगावरून सुटता सुटत नाही, घागरभर पाणी ओतावं लागतं. लग्न होऊन इकडे आले तेव्हा पहिल्यांदा कळलं की साबणाला फेसच येत नाही असंही पाणी असतं. खाडी आणि समुद्र जवळ असला की जमिनीखाली खारं पाणी आत सरकतं, त्यात कॅल्शियम मॅग्नेशियम दोन्ही. पुन्हा वर जांभा, म्हणजे लोखंड. बादली रात्रभर ठेवली की सकाळी तळाला तांबूस साका बसलेला असतो. या लोखंडाचं पुढे येईलच.

तर कंपनीला फोन केला. आठ दिवसांनी माणूस आला. त्याने खिशातून पेनासारखं टीडीएस मीटर काढलं, म्हणजे पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते दाखवणारं, सॉफ्टनरमधून आलेल्या पाण्यात बुडवलं, आकडा आला ७८०. मग बोअरच्या पाण्यात बुडवलं, तिथे ७७० का काहीतरी. म्हणाला बघा मॅडम, काही फरकच नाही, उलट वाढलंय, रेझिन मेलं तुमचं, बदलावं लागेल, साडेनऊ हजार. मिठाच्या टाकीचं झाकणसुद्धा त्याने उघडून बघितलं नाही. कागद देऊन गेला.

नवरा म्हणाला देऊया करून, पावसात कुठे धावपळ करणार. पण मला काही ते पटेना, कारण हा आकडा मशीन नवीन असतानाही एवढाच होता, मी तेव्हा विचारलंही होतं आणि बसवणाऱ्याने सांगितलं होतं की टीडीएस कमी होणार नाही, ते आरओचं काम. म्हणून त्या रात्री मॅन्युअल काढून बसले आणि जे समजलं ते नीट सांगते, कारण या एका गोष्टीवर साडेनऊ हजार जाणार होते.

सॉफ्टनरच्या उभ्या टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात, मोहरीपेक्षाही बारीक. त्या मण्यांना सोडियम चिकटलेला असतो. जड पाणी त्यातून गेलं की पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मण्याला चिकटतो आणि त्याच्या बदल्यात सोडियम पाण्यात सुटतो. म्हणजे पाण्यातून काढून टाकणं नाहीच, अदलाबदल आहे. एका कॅल्शियमच्या जागी दोन सोडियम येतात, वजन बघितलं तर कॅल्शियमचं ४० आणि दोन सोडियमचं मिळून ४६, म्हणजे टीडीएस कमी तर होत नाहीच, किंचित वाढतो. मीटरवर तो ७७० चा ७८० झाला यात काही बिघाड नव्हता. सॉफ्टनर चालतो की नाही हे टीडीएस मीटरने कळतच नाही, त्याला हार्डनेसच, म्हणजे कॅल्शियम मॅग्नेशियममुळे आलेला पाण्याचा जडपणाच, मोजावा लागतो. हे त्या माणसाला माहीत नसेल असं मला वाटत नाही, आणि माहीत नसेल तर त्याला लोकांच्या घरी पाठवायला नको.

शुक्रवारी म्हापशाला बाजाराला गेले होते तेव्हा तिथून हार्डनेसचं टेस्ट किट आणलं, थेंबांचं. छोटी काचेची बाटली असते, तिच्यात खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, एका पुडीतली पूड चिमूटभर टाकायची, पाणी गुलाबी होतं, अगदी कोकमाच्या सरबतासारखं. मग दुसऱ्या बाटलीतलं औषध एकेक थेंब टाकत जायचं आणि हलवायचं. मधे जांभळट दिसतं, आणि मग एका थेंबाला एकदम निळं. किती थेंब लागले त्याला २० ने गुणायचं. बोअरचं पाणी २२ थेंबांना निळं झालं, म्हणजे लिटरमागे ४४० मिलिग्रॅम. आयएस १०५०० नावाचं पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे त्यात २०० पर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालेल असं आहे. मग सॉफ्टनरचं पाणी घेतलं. वीस थेंब. ४००. मुलगी शेजारी बसून मोजत होती, ती म्हणाली आई हे तर तेच पाणी आहे.

म्हणजे मशीन काम करत नव्हतं हे खरंच. पण रेझिन मेलं की रेझिन उपाशी आहे हे कळायला हवं. मण्यांवरचा सोडियम संपला की मिठाचं पाणी त्यातून सोडतात, मग मणी कॅल्शियम सोडून परत सोडियम धरतात, त्यालाच रिजनरेशन म्हणतात. आमचं मशीन ते आपोआप रात्री २ वाजता करतं, सात दिवसांनी एकदा. मिठाचं पाणीच जर पोचलं नाही तर नवीन रेझिन टाकून तरी काय होणार होतं, आठवड्यात तेही असंच झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिठाची टाकी उघडली. मीठ भरपूर होतं, अर्ध्याच्या वर. आणि तिथेच माझ्या डोक्यात काहीतरी हललं. मे महिन्यात भरलं होतं आम्ही. एका रिजनरेशनला आमच्या मशीनला तीन किलोच्या आसपास मीठ लागतं, म्हणजे महिन्याला बारा-तेरा किलो तरी कमी व्हायला हवं. जून गेला, जुलै उजाडला, आणि मीठ जिथल्या तिथे. दोन-तीन वेळा मी झाकण उघडून बघितलं होतं आणि मीठ आहे म्हणून परत लावलं होतं. मीठ आहे हे बघायचं नसतं, मीठ कमी होतंय का हे बघायचं असतं.

केरसुणीचा दांडा उलटा धरून मिठात दाबला तर तो आत जाईना. ठोकलं तर पोकळ आवाज आला, फणस ठोकल्यावर येतो तसा. जरा जोर लावला आणि कडकन मोडून दांडा एकदम खाली गेला, खाली निव्वळ पाणी. मिठाची वरची जाड पापडी टाकीच्या भिंतींना धरून बसली होती, जवळपास वीतभर जाड, आणि तिच्याखालचं मीठ केव्हाच विरघळून गेलेलं. म्हणजे पाणी खाली येत होतं पण त्याला मीठ लागतच नव्हतं. पावसाळ्यातल्या आपल्या हवेत बरणीतलं मीठ कसं ओलं होऊन दगड होतं, तेच मोठ्या प्रमाणावर. त्या पापडीचे तुकडे मी हाताने उचलून बादलीत काढले, बोटांना जिथे जिथे कापलेलं होतं तिथे झोंबलं, पण काढले सगळे. गरम पाणी ओतून कडेचं सोडवलं.

मला वाटलं झालं काम. परत मीठ भरलं, चार तास विरघळू दिलं आणि बटण दाबून हाताने रिजनरेशन लावलं. नवऱ्याला म्हटलं तू बस इथे टॉर्च घेऊन. पहिली दहा मिनिटं उलटं पाणी मारून रेझिन धुतं, मग मिठाचं पाणी ओढायची पाळी येते, तेव्हा टाकीतली पातळी हळूहळू खाली जायला हवी. आम्ही टाकीला आतून पेन्सिलने रेघ मारली. वीस मिनिटं दोघं टॉर्च मारून बसलो. पातळी रेघेवरून हलली नाही. सासूबाई दारातून विचारतायत, गे काय बघताय त्यात एवढं, मासे आहेत काय?

तर मशीन मीठ ओढतच नव्हतं. आता इथे माझा हात थांबला, कारण वॉल्व्ह उघडायचा म्हणजे पाण्याचं प्रेशर असतं, म्हणून आमच्या गावातल्या प्लंबरला बोलावलं. वयाने लहान आहे, पण याच्या हाताला डोळे आहेत असं आम्ही म्हणतो. त्याने आधी प्रेशर बघितलं. मिठाचं पाणी ओढायला मशीनमध्ये मोटर नसते, एका बारीक भोकातून पाणी जोरात गेलं की त्याच्या बाजूला ओढ तयार होते, त्या ओढीने मीठ येतं. त्यामुळे पाण्याला जोर नसेल तर ओढच लागत नाही. नुसत्या गच्चीवरच्या टाकीवर हे चालत नाही, दहा मीटर उंचीवर टाकी असेल तेव्हा कुठे एक बार प्रेशर मिळतं आणि आपल्या घरांच्या टाक्या तेवढ्या उंच नसतात. आमच्याकडे प्रेशर पंप आहे, काट्यावर दोन बार दाखवत होतं, ते ठीक निघालं.

मग त्याने बायपास केला, म्हणजे पाणी मशीनमधून न जाता बाजूने वळवलं, एक नळ उघडून आतलं प्रेशर सोडलं, आणि वॉल्व्हच्या बाजूचे दोन स्क्रू काढून तो छोटा भाग बाहेर काढला. इंजेक्टर. माझ्या करंगळीच्या नखाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, मधे भोक, भोक म्हणजे जाड सुईचं टोक जाईल एवढंच. त्याच्यावर जाळीची एक टोपी असते. ती जाळी दिसतच नव्हती. वरून तांबडा बुळबुळीत गाळ आणि त्याच्याखाली काळा चिखल, बोटाने घासला तर वाळूसारखा कचकच. त्याने तो तळहातावर घेतला, दोन बोटांमध्ये चोळला, आणि मला म्हणाला, "वहिनी, आगराचें मीठ घालतात न्हय तुमी? हो चिखल पळयात."

हो, आगराचंच घालत होतो. आगरवाड्याच्या मिठागरातलं. दरवर्षी मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सगळं भरतो तेव्हा नवरा दोन-तीन गोणी मीठ घेऊन येतो, लोणच्याला, खारवायच्या माशाला, माडांना. पहिली दोन वर्षं सॉफ्टनरसाठी मिठाच्या गोळ्यांची पिशवी आणत होतो, या वर्षी म्हटलं घरात एवढं मीठ आहे, आपल्या गावाकडचं, त्या आगरात राबणारी माणसं आम्ही लहानपणापासून बघतोय म्हणून नवरा सांगतो, ते सोडून पिशवी कशाला आणायची. हेतू वाईट नव्हता आणि ते मीठ वाईट नाही. मला ते मीठ फार आवडतं, त्याची चव वेगळी असते, कैरीला तेच लागतं. पण ते समुद्राच्या पाण्याचं, मातीच्या वाफ्यात सुकवलेलं, त्यात तळाची थोडी माती येणारच आणि मॅग्नेशियम, कॅल्शियमही राहणार. म्हणजे जे पाण्यातून काढायचं तेच मी मिठातून थोडं थोडं परत घालत होते. आणि ते मॅग्नेशियमच हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे हे मीठ साध्या मिठापेक्षा लवकर ओलं होतं आणि लवकर पापडी धरतं. तीन दुखणी, मूळ एकच.

खात्री करायला मी एका काचेच्या पेल्यात मूठभर आगराचं मीठ विरघळवलं, दुसऱ्यात गोळ्यांच्या जुन्या पिशवीत राहिलेल्या चार गोळ्या. तासाभराने पहिल्या पेल्याच्या तळाला राखाडी गाळाचा पातळ थर, दुसरा स्वच्छ. तो पेला मी दोन दिवस तसाच खिडकीत ठेवला होता, येईल त्याला दाखवायला.

इंजेक्टर साफ करताना प्लंबरने खराट्याची एक हीर मोडून घेतली. मी सुई द्यायला गेले तर नको म्हणाला, सुईने प्लॅस्टिकला ओरखडा येतो, भोक कणभर जरी मोठं झालं तर ओढ कमी होते. माडाची हीर मऊ असते. तिने आरपार काढलं, जाळी जुन्या टूथब्रशने घासून व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवली, परत बसवली. मिठाची टाकी सगळी रिकामी करून धुतली, तळातून जो चिखल निघाला तो अर्धी बादली होता. गोळ्यांचं मीठ भरलं. परत रिजनरेशन, परत टॉर्च, परत पेन्सिलची रेघ. आणि या वेळी पाणी रेघेखाली गेलं. डोळ्यांना दिसेल असं नाही जात, पण पाच मिनिटांनी बघितलं तर दोन बोटं खाली. मला तेव्हा जे वाटलं ते सांगता येत नाही.

पण टेस्ट केली तर सहा थेंब, १२०. चारशेचं एकशेवीस झालं हे चांगलं, तरी मशीन नीट चालत असेल तर एका थेंबाला निळं व्हायला हवं. आता ते लोखंड. बोअरमधून येताना लोखंड विरघळलेलं असतं, पाणी स्वच्छ दिसतं, पण रेझिनवर जाऊन बसतं आणि तिथे गंज धरतं, मीठ त्याला काढू शकत नाही, मग मण्यांची जागा अडते. त्यावर रेझिन क्लीनर मिळतो, नाहीतर सायट्रिक ॲसिड. मॅन्युअलमध्ये दोन्ही लिहिलेलं होतं. मी पाव किलो सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून मिठाच्या टाकीतल्या उभ्या नळीत ओतलं, रिजनरेशन लावलं आणि ते रेझिनमध्ये पोचल्यावर मशीन बंद करून तीन तास तसंच ठेवलं. त्या वेळात घरात कोणी नळ उघडायचा नाही अशी ताकीद दिली होती, बायपासही केला होता. यात ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचं काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो आणि क्लोरीनने रेझिनही खराब होतं. तीन तासांनी चालू केलं तेव्हा ड्रेनच्या पाइपातून जे पाणी आलं ते काळ्या चहाच्या रंगाचं होतं, मग तांबडं, मग पिवळट, मग स्वच्छ. त्यानंतर मिठाची दोन रिजनरेशनं लागोपाठ. टेस्ट. पहिल्याच थेंबाला निळं.

साडेनऊ हजारांच्या जागी प्लंबरचे सहाशे, किटचे आणि मिठाचे मिळून हजारभर आणि सायट्रिक ॲसिडचे दीडशे गेले. कंपनीला फोन करून मी सगळं सांगितलं, टीडीएस मीटरचंही सांगितलं. लिहून घेतो म्हणाले. गिझरचा एलिमेंट मात्र बदलावा लागला, त्याच्यावर शिंपल्यासारखा थर चढला होता.

दोन गोष्टी राहिल्यात. एक म्हणजे आमचं सेटिंगच चुकीचं होतं. रेझिन २५ लिटर आहे, ते एका वेळी साधारण १,१०० ग्रॅम हार्डनेस धरतं. आमच्या पाण्यात लिटरला ०.४४ ग्रॅम. म्हणजे अडीच हजार लिटर. आम्ही पाच माणसं, बोअरचं पाणी दिवसाला सहाशेच्या वर जातं, म्हणजे चार दिवसांत संपलं, आणि मशीन सात दिवसांवर लावलेलं. म्हणजे सगळं नीट चालू असतानाही आठवड्यातले तीन दिवस जड पाणीच येत असणार, आणि बसवणाऱ्याने बोअरच्या पाण्याची टेस्ट न करताच सात लावून दिले होते. आता चारवर केलंय. त्यात पावसात लाइट जाते, रात्री २ वाजता लाइट नसेल तर प्रेशर पंप बंद, पंप बंद तर ओढ नाही. घड्याळही मागे पडतं, एकदा तर सकाळी दहाला ऐन कपडे धुवायच्या वेळी रिजनरेशन सुरू झालं होतं तेव्हा कारण कळलं नव्हतं. लाइट जाऊन आली की मी आता आधी त्याचं घड्याळ बघते.

दुसरी गोष्ट ड्रेनची. आम्ही तो पाइप परसात सोडला होता, पाणी फुकट जायला नको म्हणून. तिथल्या केळींची पानं कडेने करपली होती आणि आम्ही रोग समजून फवारणी करत होतो. ते खारं पाणी आहे, केळीला नाही सोसत. पाइप फिरवून बाजूच्या सोकपिटात नेलाय. आणि सासूबाईंना बीपी आहे, त्यांना नीट समजावून सांगितलं की बाथरूममधलं पाणी चूळ भरायला ठीक, पण प्यायचं नाही, ४४० हार्डनेस काढला की लिटरमागे दोनशे मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतो. त्या म्हणाल्या मी कशाला पिऊ, मला चांदेलचंच लागतं.

परवा त्यांनीच आंघोळ करून आल्यावर हाक मारून सांगितलं, आज दोन तांबे जास्त लागले, साबण जाईना. मी किट काढून टेस्ट केली, एक थेंब. पेन्सिलच्या रेघा टाकीला आता चार झाल्यात, प्रत्येक रविवारची एक, एकाखाली एक. आगराचं मीठ दीड गोण उरलं होतं, अर्धी गोण लोणच्याला आणि घरात ठेवली, बाकीचं पाऊस जरा उघडल्यावर नवऱ्याने माडांच्या आळ्यात घातलं.